सनबर्स्ट, नॅचरल आणि मामाची गन

दोन गिटारी शेजारीशेजारी टांगलेल्या होत्या. कंपनी एक, मॉडेल एक, तारा त्याच. पहिली नॅचरल, म्हणजे लाकूड जसं आहे तसं फिकट पिवळसर, वर नुसती चकाकी. दुसरी सनबर्स्ट. मध्ये मधाचा रंग, बाहेर जाताजाता तो तपकिरी होत गेलेला आणि कडेला जवळजवळ काळा. दुसरीला पाचशे रुपये जास्त.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि धोबी तलावच्या त्या दुकानात मामाला घेऊन गेले होते. मामाला गिटारीतलं काही कळत नाही, पण रंगातलं कळतं. गणपतीच्या आधीचे चार महिने तो लालबाग-परळच्या कारखान्यांत मूर्तींचं शेडिंग करायचा आणि उरलेलं वर्ष फर्निचरला स्प्रे मारायचा. दहा हजार रुपये एका वस्तूवर घालायचे तर घरातल्या कुणीतरी ती वस्तू आधी बघायला हवी, असं आईचं म्हणणं होतं. घरातला तो कुणीतरी म्हणजे कायम मामाच.

दुकानातल्या माणसाने दोन्ही गिटारी खाली काढून दिल्या. मी सनबर्स्टवरून हात फिरवत होते. मामाने ती माझ्याकडून घेतली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, एक डोळा मिटून कडेकडेने नजर फिरवली आणि म्हणाला, "शेडिंग बरं मारलंय गो. सपाट लाकडाला पोट काढलंय."

दोन महिने मी यूट्यूबवर 'सनबर्स्ट की नॅचरल' याचेच व्हिडिओ बघत होते. त्यातल्या कुणीही हे सांगितलं नव्हतं.

*

चिंचपोकळीत वाढलेल्या माणसाला शेडिंग म्हणजे काय ते वेगळं शिकावं लागत नाही. पावसाच्या आधीपासून आमच्या आजूबाजूला ताडपत्रीचे मोठमोठे मांडव उभे राहतात आणि आतून कॉम्प्रेसरची घरघर ऐकू यायला लागते. १९२० पासून बसणाऱ्या आमच्या चिंतामणीच्या आगमनाची गर्दी तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. त्या गर्दीला तयार मूर्ती दिसते. मी मामाचा डबा घेऊन जायचे, त्यामुळे मला अर्धवट मूर्ती जास्त ओळखीची.

साच्यातून निघालेली मूर्ती पांढरीफटक असते. तिला घासतात, प्रायमर मारतात, मग अंगाचा एकच सपाट रंग देतात. या टप्प्यावर गणपती कसातरीच दिसतो. पोट खरोखर गोल असतं, पण लांबून ते गोल वाटत नाही. मग शेडिंगवाला येतो. पातळ केलेला थोडा गडद रंग गनमध्ये भरून तो पोटाच्या कडेला, सोंडेच्या वळीत, बोटांच्या बेचक्यात, हनुवटीखाली मारत जातो. उंच भागाला हातही लावत नाही. गन जवळ नेली की रेघ बारीक आणि गडद येते, लांब नेली की धुक्यासारखी पसरते. मामाचं मनगट सतत हलत असायचं. एका जागी थांबलं की ओघळ येतो. अर्ध्या तासाने बघावं तर मूर्तीला अंग आलेलं असायचं.

सनबर्स्ट म्हणजे हेच. आणि त्याचं मूळही खऱ्या गोलाव्यात आहे. व्हायोलिनची वरची फळी कोरून मध्ये फुगीर केलेली असते. वर्षानुवर्षं वाजवून, पुसून मधलं वार्निश झिजतं आणि कडेकोपऱ्यात ते गडदच राहतं. जुन्या वाद्यांचं हे रूप लोकांना आवडायचं. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने १९२२ साली एफ-५ नावाचं मँडोलिन काढलं, तेव्हा त्यावरच्या अशा छटेला त्यांनी क्रेमोना हे नाव दिलं. क्रेमोना हे स्ट्रॅडिव्हेरीचं, म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या व्हायोलिनवाल्याचं इटलीतलं गाव. त्या मँडोलिनचीही फळी फुगीर होती, म्हणजे तिथे शेडिंग होतं ते असलेल्या पोटाला उठाव द्यायला.

पुढे हीच छटा सपाट फळीच्या अकूस्टिक गिटारीवर आली. तिथे पोट नव्हतंच. ते रंगाने काढायचं होतं. मामाने हे एका डोळ्याने ओळखलं होतं.

"मग हीच घेऊ?" मी विचारलं.

मामाने मोबाइलचा टॉर्च लावून गिटारीच्या भोकाची कड बघितली. वरच्या रेषा फळीच्या जाडीतून सरळ खाली उतरतायत की मध्येच थर बदलतोय, हे तिथे दिसतं. "दोन्ही प्लाय आहेत," तो म्हणाला. "दहा हजारात प्लायच मिळणार, त्यात चूक काही नाही. पण घ्यायचीच तर साधी घे. साध्यात काय आहे ते दिसतं. शेडिंगमध्ये मारणाऱ्याने काय ठरवलंय तेवढंच दिसतं."

आयुष्यभर शेडिंग मारलेला माणूस मला शेडिंग घेऊ नको म्हणत होता. मी चिडले आणि आम्ही काहीच न घेता सीएसएमटीवरून स्लो ट्रेन पकडून घरी आलो. चिंचपोकळीला फक्त स्लोच थांबते, त्यामुळे राग धरायला वेळ भरपूर मिळतो.

*

सहा महिन्यांनी दादरच्या एका मुलाने परदेशी जाताना आपली गिटार विकायला काढली. जुनी होती, पण वरची फळी अख्ख्या लाकडाची होती आणि ती सनबर्स्ट होती. अकरा हजारांत घेतली. या वेळी मामाला नेलं नाही. घरी आणल्यावर त्याने टॉर्च लावला, भोकाची कड बघितली आणि "लाकूड आहे" एवढंच म्हणाला.

गिटार शिकणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो, की नॅचरल गिटार जास्त मोकळी वाजते. रंगाखाली लाकूड गुदमरतं, वगैरे. या समजामागे मोठी माणसंही आहेत. जॉन लेननकडे एपिफोन कसिनो नावाची सनबर्स्ट गिटार होती. १९६८ साली त्याने तिचा रंग काढून टाकला. ३० जानेवारी १९६९ ला बीटल्स लंडनमध्ये गच्चीवर शेवटचे वाजले तेव्हा त्याच्या हातात तीच फिकट, उघड्या लाकडाची गिटार होती. 'गेट बॅक' पाहिला असेल तर तुमच्या डोळ्यांसमोर येईल.

यात खरं काय आहे? अकूस्टिक गिटारीची वरची फळी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाड असते. तारांनी ती थरथरते म्हणून आवाज येतो. तिच्यावर जाड, कडक थर चढवला तर ती जड होते आणि कमी थरथरते, एवढं खरं आहे. पण थराची जाडी ही एक गोष्ट आणि रंग ही दुसरी. स्वस्त नॅचरल गिटारीवरही पॉलिएस्टरचा जाड थर असू शकतो आणि महागड्या सनबर्स्टवरचं लॅकर अगदी पातळ असू शकतं. मुळात नॅचरल म्हणजे उघडं लाकूड नसतंच. त्यालाही सीलर, लॅकर, घासणं, चकाकी सगळं लागतं. तो आपला 'नो मेकअप लुक'. आणि तोही टिकत नाही. स्प्रूसचं पांढरट लाकूड उजेडाने आणि वयाने पिवळं पडत पडत मधाच्या रंगाचं होतं.

मी एकदा डोळे मिटून मैत्रिणीला दोन गिटारी वाजवायला सांगितल्या. तीनदा सांगितलेलं उत्तर दोनदा चुकलं.

किमतीचाही गंमतशीर भाग आहे. आज सनबर्स्टला पाचशे जास्त पडतात कारण काम जास्त. पण गिब्सनची जे-४५ ही प्रसिद्ध गिटार १९४२ साली आली तेव्हा ती सनबर्स्टच होती. तीच गिटार नॅचरलमध्ये निघाली तेव्हा तिला जे-५० असं वरचं नाव मिळालं. कारण नॅचरलला बिनडागी, सारख्या रेषांचं लाकूड निवडावं लागायचं. बाकीचं सनबर्स्टखाली जायचं. युद्धाचे दिवस होते, चांगल्या लाकडाची टंचाई होती. त्या काळातल्या काही जे-४५ गिटारींची फळी दोनऐवजी चार तुकडे जोडून केलेली आढळते. कलामाझूच्या त्या कारखान्यात तेव्हा बरेचसे पुरुष लढाईवर गेले होते आणि गिटारी बनवण्याचं बरंच काम बायकांच्या हातांत होतं. आज त्याच गिटारींना संग्राहक लाखो रुपये मोजतात. तुकडे कुणी मोजत नाही.

*

आता मामाच्या छातीबद्दल.

माझे आजोबा, म्हणजे आईचे आणि मामाचे वडील, गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस विंचरला जातो आणि हवेत सगळा कापूसच असतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजोबा पुन्हा कामावर गेलेच नाहीत. त्यांचा खोकला मात्र कामावर असल्यासारखा रोज पहाटे हजर व्हायचा. मामा तेव्हा बारा वर्षांचा होता. शाळा सुटल्यावर मूर्तीच्या कारखान्यात घासकामाला जायला लागला, मग शाळाच सुटली. घासता घासता गन हातात आली.

मुंबईत स्प्रे मारणारे लोक एक शब्द सर्रास वापरतात, 'ड्यूको'. ड्यूको मारायचा, ड्यूको फिनिश. हे मूळचं ड्यूपाँट या अमेरिकन कंपनीच्या लॅकरचं नाव, १९२३ सालचं. त्याच्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागायचे, ड्यूको काही तासांत वाळायचा. हे पटकन वाळणारं लॅकर आणि स्प्रे गन एकत्र आली आणि सनबर्स्ट कारखान्यात पटापट मारता यायला लागलं. मोटार, गिटार आणि आमच्या भागातल्या कपाटाचं दार, सगळे त्या अर्थाने एका वंशाचे.

आणि हे लॅकर, नायट्रोसेल्युलोज, ज्याला मामा एनसी म्हणतो, ते कशापासून करतात? कापसापासून. सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंवर आम्लाची प्रक्रिया करून. मला हे कळलं तेव्हा मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बापाने पिंजलेला मी मारतोय." आणि हसला. हसताना खोकला.

२०२० साली सरकारने सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा घातली. वीस फुटी मूर्तीचं शेडिंग करणाऱ्याला चार फुटीत किती काम मिळणार? मामा पूर्णवेळ फर्निचरकडे वळला. गिरण्यांच्या जागी झालेल्या टॉवरांमध्ये नवीन फ्लॅटची कपाटं, दारं. आता तिथे एनसी नको असतं, पीयू हवं असतं. रंगात हार्डनर मिसळायचा आणि मारायचा. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद. तोंडाला रुमाल.

त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे मारणाऱ्यांना कामामुळे दमा होतो, त्याच्या मोठ्या कारणांपैकी ते एक आहे. वाईट भाग असा की, शरीर एकदा त्याला चिडलं की पुढे अगदी थोडंसंही पुरतं. डॉक्टरांनी मामाला इनहेलर दिला आणि म्हणाले, "काम बदला." मामाने विचारलं, किती दिवस? डॉक्टर म्हणाले, "दिवस नाही, कामच."

मामा तेव्हा बावन्न वर्षांचा होता.

*

त्यानंतरच्या वर्षी गणपतीआधीच्या साफसफाईत माझी गिटार माळ्यावरून पडली. माझ्याच हातून. खालच्या कडेपासून वर चार बोटं चीर गेली आणि भोवतीचा रंग पापुद्र्यासारखा उडाला. एका दुरुस्तीवाल्याने आतून लाकडाच्या छोट्या पट्ट्या लावून चीर बसवून दिली. काम चांगलं झालं. पण रंगाचं विचारलं तर म्हणाला, पूर्ण फळीचा रंग काढून नव्याने सनबर्स्ट मारायचा तर गिटारीच्या किमतीएवढा खर्च येईल, त्यापेक्षा अशीच वाजव.

मामाने ऐकलं. म्हणाला, "रंग काढून ठेव. पुढचं मी बघतो."

मी चार रविवार गॅलरीत बसून फळी घासली. आधी पत्र्याच्या पट्टीने, मग पॉलिश पेपरने, जाड नंबरापासून बारीक नंबरापर्यंत. मास्क लावून, कारण मामा दाराशी बसून बघत होता. काळी कड गेली, तपकिरी गेला, मध गेला आणि खालचं लाकूड दिसायला लागलं.

फळी दोन तुकड्यांची होती. तशी ती असतेच, एकच लाकूड मधोमध चिरून पुस्तकासारखं उघडतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेषा आरशासारख्या जुळतात. माझ्या गिटारीच्या जुळत नव्हत्या. उजवीकडे रेषा बारीक आणि जवळजवळ, डावीकडे रुंद. दोन वेगळ्या फळ्यांचे तुकडे होते. आणि डाव्या कडेला, बरोबर जिथे शेडिंग सगळ्यात काळं होतं तिथे, लाकडात एक लांब तपकिरी डाग होता.

माझ्या डोळ्यांसमोर अकरा हजार रुपये आले. "फसवलं," मी म्हणाले. "बघ ना मामा, डाग लपवलाय."

मामाने फळीवरून अंगठा फिरवला. जोडावर थांबला. जोड इतका चांगला होता की नखाला लागत नव्हता. "लपवलं नाही गो," तो म्हणाला. "सांभाळून घेतलंय. ही फळी टाकून दिली असती तर कुणी विचारलं असतं? मूर्तीतही असतं असं. साच्याचा जोड येतो, कुठे बुडबुडा राहतो. आपण काय मूर्ती फोडतो? शेडिंगवाल्याला सांगतात, एवढं जरा सांभाळून घे."

"पण तूच म्हणाला होतास, साधी घे म्हणून."

"घेणाऱ्याने साधीच बघावी. मारणाऱ्याने सांभाळून घ्यावं. दोन वेगळी माणसं आहेत ती."

*

पुढच्या शनिवारी ऑफिसातून आले तर गॅलरीच्या टोकाला कॉम्प्रेसर उभा होता. मामाने तो कुठूनतरी मागून आणला होता. पेटीतली जुनी गन काढून, थिनरने धुऊन, वर्तमानपत्रावर ठेवली होती. गिटारीचं भोक कागदाने बंद केलेलं, मान टेपने गुंडाळलेली. सगळं तयार.

"मामा, नाही."

"एनसीच आहे. हार्डनर नाही त्यात."

"थिनर आहे. डॉक्टर म्हणाले ना, वाफही नको."

"दोन मिनिटांचं काम आहे गो. वीस-वीस फुटाच्या मूर्ती केल्यात मी. ही एवढीशी फळी!"

आई बाहेर आली, शेजारचे बाहेर आले. चाळीत भांडण खासगी राहत नाही. मी जे सुचलं ते बोलले. "मला सनबर्स्ट नकोच आहे. मला आता नॅचरल आवडते."

मामाने गन खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलतेस," तो म्हणाला आणि आत निघून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कॉम्प्रेसर परत गेला.

मला आधी वाटलं, तो माझ्यासाठी हट्ट करतोय. मग लक्षात आलं की गिटार हे निमित्त होतं. वर्षभर कुणी त्याला कशालाच बोलावलं नव्हतं. कारखान्यात नवीन मुलं आली होती. ती त्याला नमस्कार करायची आणि आपापलं काम करायची. चाळीस वर्षं ज्या हाताला बघून लोक थांबायचे त्या हाताला आता घरात फक्त इनहेलर दाबायचं काम होतं. मी त्याच्यापुढे एक कोरी फळी आणून ठेवली होती आणि वर म्हणत होते, नको.

*

त्या दोन रात्री मी फोनवर जुन्या गिटारींबद्दल वाचत बसले होते आणि तिथे मला ते सापडलं. १९२२ च्या त्या मँडोलिनवरचं शेडिंग गनने मारलेलं नव्हतं. ते हाताने दिलेलं होतं. कोऱ्या लाकडावर कापडाने रंग चोळून चोळून, आधी फिका, मग गडद, दोन्हींमधली सीमा पुसत पुसत. वरून वार्निश. गन नंतर आली.

सोमवारी सकाळी मी मामाला फोटो दाखवला. त्याने दोन बोटांनी तो मोठा केला. बराच वेळ बघितला.

"गन नव्हती तेव्हाही शेडिंग होतं म्हणजे."

"होतं."

"चोळून." तो म्हणाला. मग स्वतःशीच, "लाकूड एकदम पिणार रंग. डाग पडणार." आणि मग, "पाण्यातला रंग घ्यायचा. स्पिरिटचा नको. पाण्यातला हळू चढतो, पुसायला वेळ मिळतो."

तो माझ्याशी बोलत होता.

पुढचा महिना आमच्या घरात आंघोळीच्या जुन्या टॉवेलांचे तुकडे आणि रंगाच्या वाट्या पडलेल्या होत्या. आधी प्लायच्या तुकड्यांवर सराव. मग फळी ओल्या फडक्याने पुसली, कारण ओलं झालं की लाकडाची लव उठते. ती वाळल्यावर बारीक पेपरने उतरवली. मग सगळ्या फळीला फिका पिवळा. वाळू दिला. मग कडेने तपकिरी, आतल्या बाजूला ओल्या बोळ्याने पुसत. मामाचं मनगट गनवर चालायचं तसंच चालत होतं, सतत, कुठे न थांबता. फक्त आता हात फळीला टेकलेला होता. पाण्याचा रंग, वास नाही, वाफ नाही. त्याला एकदाही थांबावं लागलं नाही.

वरचं चपड्याचं पॉलिश मी केलं, कारण त्यात स्पिरिट असतं. मामा दोन खोल्या पलीकडे शेजाऱ्यांच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि तिथून ओरडायचा, "बोळा थांबवू नकोस! आठाचा आकडा काढ! तेल कमी घे!" सगळ्या मजल्याला आता फ्रेंच पॉलिश येतं.

*

गिटार झाली. उजवी बाजू इतकी सुंदर आली की दुकानातली वाटावी. डावीकडे मामा म्हणाला होता तेच झालं. रुंद रेषांच्या लाकडाने रंग जास्त प्यायला आणि खालच्या कोपऱ्यात दोन-तीन गडद ठिपके उमटले. तपकिरी डाग मात्र कडेच्या काळ्यात गेला. सांभाळून घेतला.

आवाज बदलला का, असं सगळे विचारतात. खरं सांगायचं तर मला सांगता येणार नाही. जुना जाड थर गेला, पातळ चपडा आला, त्याने फरक पडला असेल. पण चीर जोडली गेली, तारा नवीन आल्या, आणि मध्ये दोन महिने मी ती वाजवलीच नव्हती. यातल्या कशाला किती श्रेय द्यायचं ते मला वेगळं काढता येत नाही. रंगाला मात्र मी देणार नाही.

सनबर्स्ट घेऊ की नॅचरल, असं हल्ली मला कॉलेजमधली मुलं विचारतात. मी सांगते, भोकाची कड बघा, जोडावरून नख फिरवा, जी उचलून वाजवावीशी वाटते ती घ्या. आणि सनबर्स्ट घेतलीत तर एकदा उजेडात तिरकी धरून कड बघा. मध कुठे संपतो आणि तपकिरी कुठे सुरू होतो ते सापडत नसेल, तर ते एका माणसाच्या मनगटाचं काम आहे. तो मास्क लावून काम करत असेल अशी आशा करा.

यंदा मामा पुन्हा कारखान्यात जायला लागला. गन हातात घेत नाही. सकाळी रंग मिसळून देतो आणि मग लांब, वाऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकून मुलांच्या मनगटांवर ओरडत बसतो. मुलं मास्क कपाळावर चढवतात, तो उठून खाली ओढतो. मुलं त्याला कंटाळलीत, पण रंग त्याच्याकडूनच मिसळून घेतात.

रात्री घरी आला की कधीकधी म्हणतो, वाजव काहीतरी. मी वाजवते. एक गाणं होईपर्यंत तो गप्प बसतो. मग हात पुढे करून गिटार मागून घेतो, ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो, एक डोळा मिटतो.

"हा डावा कोपरा," तो म्हणतो, "अजून एकदा पुसायला हवा होता."